दांड्यावरची पेज

सुगंधाचं पत्र आलं तेव्हा मी अंगणात पुस्तकं उन्हाला घालत होतो. टाळेबंदीच्या वर्षातली दिवाळी चार दिवसांवर आली होती. पोस्टमनने पाकीट माझ्या हातात दिलं आणि ओळीने उघडी टाकलेली पुस्तकं बघून विचारलं, "मास्तर, ह्यांका पण करोना झालो काय?" मी हसल्यासारखं केलं. पाकिटावरचं अक्षर मी ओळखलं होतं. ते मीच वळण लावलेलं अक्षर होतं.

पत्र लहान होतं. "गुरुजींना नमस्कार. एकच विचारायचं आहे. त्या दिवशी दांड्यावर मी आबांच्या किती जवळ आले होते? मी काठीच्या अलीकडेच थांबले होते असं मला आठवतं, पण घरचे म्हणतात तसं नव्हतं. आता माझंच मला खरं वाटेनासं झालंय. तुम्ही तिथे होता आणि तुम्ही खोटं सांगणार नाही, म्हणून विचारते. आपली, सुगंधा."

या पत्राला मी साडेचार वर्षं उत्तर दिलं नाही. उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही. ती काठीच्या अलीकडेच थांबली होती, पूर्ण दहा हातांवर. एवढं एक वाक्य लिहायला किती वेळ लागतो?

आमचं भाटजुवा हे खाडीच्या मुखातलं बेट. माडांची दाटी, साठ-सत्तर घरं, चौथीपर्यंतची शाळा. त्या शाळेत मी घाटावरून बदली होऊन आलो आणि निवृत्त झालो तरी इथेच राहिलो. परत जायला हवं होतं की नको, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. पलीकडच्या काठावर आसरोळी. मधे तर, म्हणजे माणसांची ने-आण करणारी होडी, चालते. पण पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास चार-सहा दिवस मोठी सुकती, म्हणजे ओहोटी, लागते, आणि सकाळ-संध्याकाळ तासभर खाडीच्या पोटातून वाळूचा एक लांब दांडा वर येतो. मग पाण्यातून घोटाभर चालत माणूस इकडून तिकडे जाऊ शकतो. दोन्ही काठांच्या बायका टोपल्या घेऊन तिथे मुळे आणि तिसऱ्या अशी शिंपली उकरायला येतात.

त्या दांड्याची एक जुनी रीत आहे. जमिनीवरचं भांडण दांड्यावर न्यायचं नाही. ज्या दोन घरांत वीस वर्षं कोर्टकचेरी चालू आहे, त्या घरच्या जावा तिथे शेजारी बसून वाळू उकरतात, एकमेकींच्या पोरांची चौकशी करतात. पाणी घोट्यावर चढलं की उठतात आणि आपापल्या काठाला लागून पुन्हा अबोला धरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते स्वप्नातल्यासारखं वाटलं होतं.

टाळेबंदीच्या त्या चैत्रात जुव्याने आपल्या सीमा बंद केल्या: बाहेरच्याने यायचं नाही, इथल्याने जायचं नाही. दक्षता समिती झाली. बाळाभाई मेस्त तिचे प्रमुख. माझं अक्षर चांगलं म्हणून धक्क्यावरच्या माडाच्या झापांच्या खोपीत मला बसवलं. पुढ्यात एक वही, आणि कपाळावर रोखून ताप मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र. तर बांधून ठेवली होती, त्यामुळे यंत्र रोखायला समोर कोणी येतच नसे. मी दिवसभर पाण्याकडे बघत बसायचो. होड्या नाहीत, भोंगे नाहीत. खाडी इतकी शांत झाली होती की दुपारी माशाने उडी मारली तरी पुस्तकातून डोकं वर काढावं लागे.

वैशाखी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या काठावर एक बाई येऊन उभी राहिली. वारा पडलेला असला की पाण्यावरून आवाज चालत येतो.

"गुरुजी, मी सुगंधा."

"ओळखलं," मी म्हणालो. ते तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. शाळेतही मला कधी ओरडता आलं नाही. मी हात वर केला.

सुगंधा ही आत्माराम तांडेलाची मुलगी. आत्माराम म्हणजे जुव्याची तर चाळीस वर्षं वल्हवणारा माणूस. त्याला सगळे आबा म्हणत. दोन वर्षांपूर्वी त्याचं एक अंग लुळं पडलं आणि तर त्याच्या मुलाच्या, उमेशच्या, हातात आली. सुगंधा मुंबईत एका हॉस्पिटलात आया होती. रोज संध्याकाळी मी आबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला जात असे. टाळेबंदीत पेपर येईना तेव्हा जुनेच वाचायचो. ते म्हणायचे, "वाच रे मास्तर, माका तरी खय आठवता." त्या आठवड्यात मात्र त्यांनी ऐकणंही सोडलं होतं. तीन दिवस त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. विचारलं की एवढंच म्हणायचे, "सुगो इला की जेवतलंय."

"आबा जेवतात का?" पलीकडून तिने विचारलं.

मी मान हलवली. ती कशीही समजता येईल अशी हलवली.

"मला येऊ द्या, गुरुजी. भाजीच्या टेम्पोतून आले. परवा सकाळी तोच टेम्पो परत जाणार, मग ड्युटीवर हजर व्हायचंय."

आता ओरडणं भाग होतं. "सुगंधा, नियम आहे."

"नियम कोणी केलाय?"

"समितीने."

"लिहिलाय कोणी?"

"मी."

"अक्षरावरून वाटलंच," ती म्हणाली. पलीकडच्या धक्क्यावरही आमची पाटी टांगलेली होती. ती त्या पाटीखालीच उभी होती. 'जुव्याच्या जमिनीवर बाहेरच्या माणसाने पाय ठेवू नये.' ती हसली की काय ते एवढ्या लांबून दिसलं नाही, पण तिथून हललीही नाही. दुपारपर्यंत ती तिथेच बसून होती आणि मी इकडे. मधून पाणी जात होतं.

दुपारी बाळाभाई खोपीत आले. मी त्यांना सांगितलं.

"माका म्हायत आसा," ते म्हणाले. "उमेश येऊन पाया पडलो. मी काय करू? हॉस्पिटलातली बाई ती. जुव्यार चाळीस म्हातारी माणसां, डॉक्टर नाय. एकाक ताप इलो तर कोणाक हाक मारू? तुमका?"

"नाही, तुमचं बरोबर आहे."

"मगे तोंड कित्याक असा केलास?"

माझ्या आयुष्यात मी फार थोड्या वेळा आपणहून काही सुचवलं आहे. त्यातली ही एक. "नियमात 'जुव्याच्या जमिनीवर' असं लिहिलंय," मी म्हणालो.

"मगे?"

"दांडा जुव्याचा आहे का?"

बाळाभाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ पाण्याकडे बघितलं. "दांडो दर्याचो," ते शेवटी म्हणाले. "माझ्या आज्यान पण तो आपलो म्हटल्यान नाय. पण मास्तर, परवा शेवटची सुकती. मगे दांडो अमाशेपर्यंत वर येवचो नाय."

"परवा सकाळी तिला जायचंय. जाण्याआधी भेटेल."

"दहा हात अंतर. वस्तू द्यायची नाय, घ्यायची नाय. मी टेकडावर पाठ करून उभो रवतलंय. आणि ह्या सगळा तुमच्या भरवशावर. उमेश बापाक बघताना रडात, तेचो काय उपेग नाय."

"माझ्या भरवशावर?"

"तुम्ही नियम लिवलात. आता तुम्हीच मोडतास. दुसरो कोण?" आणि ते उठून गेले. ते थट्टेने बोलले की रागाने, हे मला कळलं नाही.

भेटीची सकाळ धुकट होती. वैशाखात असं धुकं क्वचित पडतं. उमेशने आबांना उचलून लहान होडीत, गोधड्यांच्या गादीवर बसवलं. त्याच्या बायकोने, जयूने, पेजेचा डबा आणि चमचा माझ्याकडे दिला. "गुरुजी, मीठ बघा हां. घाईत घातलंय काय नाय, आठवना नाय, आणि आबांका अळणी चलना नाय." मी एक चमचा तोंडात घातला. "आहे," मी म्हणालो.

उमेश कंबरेला दोर बांधून होडी ओढू लागला. मी होडी ढकलायची लांब काठी घेऊन बाजूने चालत होतो. माझं अंग दोन दिवस मोडून आलं होतं. जागरण झालं असेल असं मी मनाशी म्हटलं. पाणी घोट्याएवढं, कोमट. पुढे दांडा दिसत नव्हता, नुसता एक पिवळसर उजेड होता आणि त्यात बायकांच्या वाकलेल्या आकृत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि पुन्हा वाळू उकरायला लागल्या. एकही काही बोलली नाही. दांड्यावर तसंच असतं.

होडी वाळूला टेकली. मी काठी वाळूवर आडवी टाकली, होडीपासून सरळ पुढे. बरोबर दहा हात. त्या टोकाला धुक्यातून सुगंधा आली. तोंडाला कापड, हातात रिकामी टोपली. मुळे काढायला आलेली बाई दिसावी म्हणून कोणाची तरी मागून आणली होती. काठीच्या टोकाशी ती थांबली आणि खाली बसली.

"कोण तां?" आबांनी विचारलं.

"मी, आबा."

"तोंड कित्याक बांधलंस? चोरी केलंस काय?"

"आता सगळेच बांधतात."

"बारीक झालंस गो."

"तुमी काय कमी झालास?"

आबांनी आपल्या लुळ्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्या कोणाचा तरी तिथे राहून गेला असावा तसं. "ह्यो हात गेलो. दुसरो आसा," ते म्हणाले. "हय ये."

"येवक जमाचा नाय, आबा."

"कोण म्हणता?"

सुगंधाने माझ्याकडे पाहिलं. मी काठीकडे पाहिलं.

"मास्तर म्हणता?" आबा म्हणाले. "हेका मी पयल्यांदा जुव्यार हाडलंय तेव्हा होडीत बसाक घाबरत व्हतो. पुस्तकांची पेटी पोटाशी धरून बसलेलो. आता हो आमका अंतर शिकयता."

उमेश हसला. सुगंधाही हसली. त्या हसण्यातच ती पुढे सरकेल की काय म्हणून मी तिच्या पायांकडे बघत होतो. तिने दोन्ही पायांचे अंगठे वाळूत रोवून ठेवले होते. बोलताना ती वाळू उकरत राहिली, एक-दोन मुळे टोपलीत टाकले. मधेच एकदा तिने हात पुढे केला आणि स्वतःच मागे घेतला. ते मी पाहिलं.

"जेवत नाय असा उमेश सांगता," ती म्हणाली.

"तू भरव. मगे जेवतलंय."

धुक्यात कुठेतरी टोपली आपटल्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही भरवा. माझ्या नावाने भरवा. मी बघते."

उमेश होडी धरून उभा होता. पाणी हळूच फिरायला लागलं होतं. मी डबा उघडला. पहिला चमचा आबांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तो घेतला, तिच्याकडे बघतच घेतला, आणि तोंड वाकडं केलं.

"अळणी," ते म्हणाले.

"मीठ आहे, मी बघितलं," मी म्हणालो.

"मास्तरची जीभ सासरी गेली," आबा म्हणाले, आणि तिघंही हसली. सुगंधा इतकी हसली की तिने तोंडावरचं कापड दोन्ही हातांनी दाबून धरलं. "खावा आबा, मुकाट खावा. अळणी तर अळणी." आणि त्यांनी खाल्लं. चमच्यामागून चमचा, सगळा डबा. प्रत्येक घासाला ती दहा हातांवरून मान हलवायची, आपणच भरवत असल्यासारखी. पाच दिवसांत पहिल्यांदा तो माणूस जेवत होता, आणि मी भरवत होतो. मला इतकं बरं वाटलं होतं. मी हे लपवत नाही, मला फार बरं वाटलं होतं.

पाणी काठीपर्यंत आलं. काठी उचलली गेली, तरंगली, आडवी फिरली. सुगंधा उठली. "येतंय, आबा," ती म्हणाली. तिने तिथूनच वाकून वाळूला हात लावला आणि कपाळाला लावला. बघता बघता धुकं तिच्यावरून गेलं. उमेश तोवर होडी वळवण्यात गुंतला होता. त्याची तिच्याकडे पाठ होती.

तिसऱ्या दिवशी आबांना ताप आला. नवव्या दिवशी ते गेले. कोणी तपासायला आलं नाही. फोनवरचा डॉक्टर म्हणाला, वय आहे, छाती भरली असेल. आम्ही पाच माणसांनी त्यांना पोचवलं. त्याच सुमाराला मुंबईहून कळलं की सुगंधाला करोना झाला आहे. मग जुव्याला वेगळं काही सांगावं लागलं नाही. पाणी चढताना गडबड झाली तेव्हा ती होडीपाशी गेली असणार, असं उमेश म्हणू लागला. गणपतीला तिला बोलावणं गेलं नाही. पुढच्या वर्षीही गेलं नाही. उमेशने तिचा फोन उचलणं बंद केलं.

श्रावणात जुने पेपर एकदम आले. त्यातल्या एकात मी वाचलं, की या आजारात काहींच्या तोंडाची चव जाते. मी ते दोनदा वाचलं. मग पेपर घडी घालून पेटीत ठेवला आणि दार लावून बसलो.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, संध्याकाळच्या सुकतीला, मी दांडा ओलांडून आसरोळीला गेलो होतो. टोपली घेऊन, मुळे काढायला आलेल्या माणसासारखा. वाचनालयाचे पेडणेकर आतल्या खोलीत माझ्यासाठी तीन पुस्तकं काढून ठेवणार होते. दीड महिना माझ्याजवळ न वाचलेलं काही उरलं नव्हतं. एवढंच कारण, दुसरं कोणतंही नाही. पेडणेकर खोकत होते. आम्ही अर्धा तास बोललो. आठवड्याने त्यांना जिल्ह्याच्या गावी नेलं, त्यांची तपासणी झाली, आणि पंधरा दिवसांनी ते बरे होऊन परत आले. मला दोन दिवस कणकण वाटली आणि ती गेली. ताप मोजायचं यंत्र माझ्याच हाताशी होतं. ते मी स्वतःच्या कपाळावर कधी धरलं नाही.

जुव्यावर मी एकट्याने नियम मोडला होता. सुगंधाने तो पाळला होता. म्हणून तिच्या पत्राला एका वाक्याचं उत्तर पुरत नव्हतं. ती काठीच्या अलीकडे होती असं लिहिलं, की पुढचं वाक्य आपोआप येत होतं: मग पलीकडे कोण होतं?

यंदाच्या वैशाखात सुकतीला मी दांड्यावर फिरायला गेलो. एक म्हातारी आपल्या नव्या नातसुनेला मुळे कसे शोधायचे ते दाखवत होती. मधेच ती थांबली आणि बोटाने वाळू दाखवत म्हणाली, "हय बघ. हयसरच सुगंधान बापाक आपल्या हातान पेज भरवल्यान. नवव्या दिसाक म्हातारो गेलो." पोरगी त्या वाळूकडे घाबरून बघत राहिली. मी चार पावलांवर उभा होतो. "ती पेज मी भरवली," मी म्हणालो. पण नेहमीच्याच आवाजात म्हणालो, आणि त्या दोघी पुढे सरकल्या होत्या.

घरी येऊन मी पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टाकायला आसरोळीला निघालो. तरीवर दुसरं कोणी नव्हतं, मी आणि उमेश.

"कोणाक पत्र, गुरुजी?"

"सुगंधाला."

दोन वेळा वल्हं पाण्यात पडलं. "काय लिवलात?" त्याने माझ्याकडे न बघता विचारलं.

मी पाकीट चिकटवलं नव्हतं. भीतीने चिकटवलं नव्हतं. वाटेत विचार बदलला तर. मी कागद बाहेर काढला आणि वाचायला लागलो, जसे त्याच्या बापाला पेपर वाचून दाखवायचो तसं. "चि. सुगंधा, तू काठीच्या अलीकडे होतीस. एक पाऊलही पुढे आली नाहीस. मी सगळा वेळ बघत होतो. त्याच्या पाच दिवस आधी मी चोरून आसरोळीला गेलो होतो, पेडणेकरांकडे, पुस्तकं आणायला. पेडणेकर आजारी होते. त्या सकाळी माझ्या तोंडाला चव नव्हती, आणि मी चाखलेल्याच चमच्याने आबांना पेज भरवली. आजार कोणाकडून गेला हे आता कोणीच शपथेवर सांगू शकणार नाही. पण तो तुझ्याकडून गेला नाही, हे मी सांगतो. मला हे त्या श्रावणातच कळलं होतं. तरी लिहिलं नाही, कारण मला भीती वाटली. क्षमा मागायचा मला अधिकार आहे की नाही, कळत नाही."

उमेशने वल्हवणं थांबवलं होतं. तर आपोआप वाहत चालली. पाण्यावर ऊन पसरलं होतं आणि दोन्ही काठ सारखेच लांब दिसत होते.

"पाच वर्सां मी तिचो फोन उचलूक नाय," तो म्हणाला.

मी कागदाची घडी घातली.

"पुस्तकां खयची व्हती?"

"एक प्रवासवर्णन होतं. दोन कादंबऱ्या."

"वाचलास?"

"नाही. तशीच परत केली."

तो हातातल्या वल्ह्याकडे बघत राहिला. तो मला पाण्यात ढकलेल असं क्षणभर वाटलं, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. मग त्याने वल्हं पुन्हा पाण्यात घातलं. "पाकीट बंद करा," तो म्हणाला. "कागद भिजात."

मी पाकिटाची कड जिभेने ओली करून ते चिकटवलं. आसरोळीच्या धक्क्याला तर लागली. उतरताना त्याने नेहमीसारखा हात पुढे केला नाही, आणि मी एकटाच, लटपटत उतरलो. वळून पाहिलं तेव्हा तो होडीतच बसून होता. त्याने खिशातून फोन काढला होता आणि नुसता हातात धरला होता.

पोस्टाच्या पेटीपाशी मी थोडा वेळ उभा राहिलो. मग पत्र आत टाकलं. फटीत बोटं घालून ते परत काढता येतं का, हेही मी बघितलं. येत नाही.